काळ्या रंगाखालचा सनबर्स्ट: जुना बेस पुन्हा रंगवावा का?

प्रश्न थोडक्यात असा: मामांकडून आलेला १९६५ च्या सुमाराचा फेंडर प्रिसिजन बेस, म्हणजे फेंडर या अमेरिकन कंपनीची बेस गिटार. कधीतरी कुणीतरी त्याच्या बॉडीला काळा रंग दिलेला आहे, नेक (लांब दांडा) मात्र तसाच आहे. पिकगार्ड (बॉडीवरची प्लास्टिकची पाटी) काढला की कडेला खालून पिवळा-तांबूस रंग डोकावतो. काळा रंग उतरवून मूळचा सनबर्स्ट (मध्ये पिवळा, कडेकडे गडद होत जाणारा रंग) पुन्हा करून घेतला तर किंमत वाढेल का, आणि हे काम घरी जमेल का?

आधी दोन्ही उत्तरं देऊन टाकतो. नव्याने केलेल्या सनबर्स्टने किंमत जवळजवळ वाढत नाही. वाढलीच तर रंगकामाचा खर्च निघेल एवढी. घरी जमण्यासारखं काम आहे, पण ते रंग देण्याचं नाही. काळ्या थराखाली नेमकं काय उरलंय हे शोधण्याचं काम घरी जमतं, आणि तुमच्या बाबतीत सगळी किंमत त्या शोधावरच ठरणार आहे.

जुनी वाद्यं जमवणारा माणूस रंगाकडे पुरावा म्हणून बघतो. हे वाद्य कुणी कोरलं का, तुटून जोडलं का, पिकगार्डखाली जास्तीची खोबण केली का, या प्रश्नांची उत्तरं कारखान्यातल्या त्या पातळ थरात असतात. थर गेला की उत्तरंही गेली. मग कितीही हुशार कारागिराने हुबेहूब तसाच रंग दिला तरी घेणारा मनात म्हणतो, याखाली काय लपवलंय कोण जाणे. या व्यवहारात वर्षानुवर्षं चालत आलेला ढोबळ हिशेब असा, की बाकी सगळं मूळचं असलं आणि फक्त रंग बदललेला असला तरी किंमत निम्म्याच्या आसपास येते. मूळ रंग जागोजागी उडालेला, पट्ट्याने घासलेला, सिगारेटने जळालेला असला तरी चालतो. तसा बेस नव्याने चकचकीत केलेल्या बेसपेक्षा महाग जातो. नवख्यांना हे उलटं वाटतं. मलाही पहिली काही वर्षं वाटायचं.

आता तुमच्या बेसबद्दल सगळ्यात महत्त्वाची शंका. तो काळा रंग कारखान्यातलाच नाही ना?

ही शंका उगाच काढलेली नाही. फेंडर १९५० च्या दशकाच्या मध्यापासून ५ टक्के जादा आकारून ग्राहकाच्या पसंतीचा रंग देत असे, आणि १९६० च्या सुमारास त्यांनी अशा रंगांचा छापील तक्ताच काढला. लेक प्लॅसिड ब्लू, फिएस्टा रेड, ऑलिम्पिक व्हाइट वगैरे. त्या तक्त्यात काळाही होता. हे रंग मोटारींचे होते, ड्यूपॉन्ट कंपनीच्या ड्युको आणि ल्युसाइट या मालिकांतले. (आपल्याकडचे फर्निचर रंगवणारे आजही ज्याला ‘ड्युको’ म्हणतात तो शब्द इथूनच आला.) आणि कारखान्यात कधीकधी सनबर्स्ट झालेली बॉडीच उचलून तिच्यावर हा खास रंग मारला जाई. त्यामुळे ‘काळ्याखाली सनबर्स्ट दिसतो, म्हणजे नंतर कुणीतरी रंगवलंय’ हा निष्कर्ष घाईचा ठरू शकतो. कारखान्यातला काळा प्रिसिजन सनबर्स्टपेक्षा कितीतरी दुर्मीळ. तो खरवडून खालचा सनबर्स्ट काढणं म्हणजे जरीची पैठणी उसवून अस्तर बाहेर काढण्यासारखं आहे.

मग ओळखायचं कसं? नेक काढा. तारा सैल करून, मागचे चार स्क्रू उलगडून, नेक सावकाश उचला. नेक जिथे बसतो त्या बॉडीतल्या खाचेत कागदाचा किंवा पुठ्ठ्याचा तुकडा सापडला तर तो टाकू नका. तो कोन जुळवायला घातलेला असतो, आणि मूळचा असेल तर त्यालाही मोल आहे. आता खाचेच्या तळाकडे बघा. १९६२-६३ नंतरच्या फेंडर बॉडी रंगवताना या खाचेत एक लाकडी पट्टी स्क्रूने बसवत. ती धरून बॉडी फिरवायची, रंग मारायचा, टांगायची. त्यामुळे पट्टीखालचा भाग रंगाशिवाय राहतो आणि तिथे पट्टीच्या आकाराची कोरडी सावली दिसते. कारखान्यातल्या कामात ही सावली आणि तिच्या कडा स्वच्छ असतात. नंतर रंगवणारा माणूस एकतर पूर्ण खाचच रंगवून टाकतो, नाहीतर चिकटपट्टी लावून ती झाकतो आणि चिकटपट्टीची सरळसोट कड मागे ठेवतो.

दुसरी खूण खिळ्यांची. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बॉडीच्या दर्शनी बाजूला, बहुतेक पिकगार्डखाली, बारीक खिळे ठोकत, म्हणजे रंग ओला असताना बॉडी उलटी ठेवता येई. रंग वाळल्यावर खिळे उपटत. साहजिकच त्या भोकांच्या आत रंग नसतो, कोरं लाकूड असतं. भोकात काळा रंग उतरलेला दिसला, किंवा भोकं लांबीने बुजवलेली दिसली, तर रंग नंतरचा. पिकगार्डच्या स्क्रूंच्या भोकांनाही हाच न्याय लावा. स्क्रूची भोकं रंगानंतर पाडली जात, त्यामुळे त्यांच्या आतल्या भिंतीवर रंगाचा ओघळ असायचं कारण नाही. पूल (बॉडीवर तारा टेकतात तो धातूचा भाग) उचलून त्याखालची अर्थिंगची तार बघा, खोबणीतल्या पितळी पत्र्यावर फवाऱ्याचे काळे शिंतोडे आहेत का बघा. घरगुती रंगकाम करणारे पुढची बाजू जपून करतात, पण खोबणीत त्यांचा आळस हमखास सापडतो.

हेडस्टॉक, म्हणजे नेकचं खुंट्यांचं टोक, काळा नाही म्हणून निराश होऊ नका. बॉडीशी रंग जुळवलेला हेडस्टॉक जॅझ बेसवर (फेंडरचंच दुसरं मॉडेल) पुष्कळदा दिसतो, प्रिसिजनवर क्वचित. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

अतिनील दिवा मिळाला तर अंधाऱ्या खोलीत बॉडीवर फिरवा. जुनं नायट्रोसेल्युलोज लॅकर (त्या काळी वापरत ते वार्निश) या उजेडात पिवळट-हिरवी झाक मारतं, नवा थर गडद किंवा निळसर दिसतो आणि डागडुजीच्या जागा ठिगळासारख्या उठून येतात. काळ्या रंगावर ही झाक फक्त वरच्या पारदर्शक थराची असते, तेवढं लक्षात ठेवा. आणि वर पारदर्शक थर नसेलच, तर तीही एक माहितीच झाली.

नेक हातात आहे तोवर त्याच्या टाचेवरचा, म्हणजे खाचेत बसणाऱ्या टोकावरचा, शिक्का वाचा. १९६२ पासून तिथे रबरी शिक्क्याने महिना आणि वर्ष छापत. सुरुवातीचा आकडा लोक दिवस समजतात. तो मॉडेलचा क्रमांक असतो, आणि शेवटचं अक्षर नटपाशी (हेडस्टॉकजवळची तारा टेकणारी पट्टी) नेक किती रुंद आहे ते सांगतं. पॉटच्या (आवाजाच्या बटणांखालचे विजेचे भाग) पाठीवरचे आकडेही टिपून ठेवा. १३७ ने सुरुवात असेल तर ते सीटीएस कंपनीचे, ३०४ असेल तर स्टॅकपोलचे, पुढे वर्ष आणि आठवडा. पॉट नेकच्या काही महिने आधीचे असणं अगदी नेहमीचं आहे. नेकच्या दोन-तीन वर्षं नंतरचे असतील तर मात्र ते बदललेले. सोल्डरला हात लावू नका. साठ वर्षांपूर्वीचा मंद झालेला, न छेडलेला सोल्डर हासुद्धा घेणाऱ्याच्या यादीत असतो.

हे सगळं इतकं पोटतिडकीने सांगतोय त्यामागे माझं एक जुनं पाप आहे. या धंद्यात नवा असताना एक नेक साफ करायला आला होता. टाचेवर मळकट, पुसट काहीतरी होतं. मी पॉलिश पेपर घेतला आणि दोन मिनिटांत ती जागा स्वच्छ करून टाकली. मालकाने नंतर विचारलं, तारीख दिसते का हो? कामाआधी काढलेल्या एका फोटोत ती अर्धवट दिसत होती. आज त्या वाद्याच्या वयाचा तेवढाच पुरावा शिल्लक आहे. तेव्हापासून माझ्याकडे वाद्य आलं की स्क्रूड्रायव्हरच्या आधी कॅमेरा बाहेर येतो. पिकगार्ड, खोबण्या, खाच, टाच, पॉट, पुलाची खालची बाजू, सगळ्याचे फोटो, आणि प्रत्येक जागचे स्क्रू वेगळ्या चिठ्ठी लावलेल्या डबीत.

समजा या तपासणीतून काळा रंग नंतरचाच आहे असं निघालं. तरीही लगेच ‘उतरवून टाका’ या पायरीवर येऊ नका. तुमच्या वर्णनात सगळ्यात आशादायक गोष्ट हीच आहे, की खालचा पिवळा-तांबूस थर अजून दिसतो. म्हणजे रंगवणाऱ्याने निदान काही भागात मूळ रंग न काढता थेट वर काळा मारला. अशा बेसवर वरचा थर सोलून मूळचा मोकळा करता येतो. पूर्ण मूळ रंगाचा भाव त्याला येत नाही, पण नव्या सनबर्स्टच्या भावापेक्षा तो नक्कीच वर राहतो, कारण खालचा पुरावा खरा आहे. प्रश्न एवढाच, की काळा रंग कुठल्या जातीचा आहे.

पुलाखाली झाकली जाईल अशी नखाएवढी जागा निवडा. कापसाच्या काडीला थोडं ॲसिटोन लावून तिथे हलकेच टेका. काळा रंग विरघळून काडीवर आला तर तो लॅकर किंवा साधा ॲक्रिलिक फवारा आहे, आणि ही वाईट बातमी आहे. जे द्रावण वरचा थर विरघळवतं तेच खालच्या मूळ लॅकरलाही खातं. मग रसायनाचा रस्ता बंद. काहीच झालं नाही, रंग ढिम्म राहिला, तर तो बहुधा दोन भाग मिसळून मारलेला पॉलियुरेथेन आहे. दणकट रंग म्हणून लोक घाबरतात. पण जुन्या लॅकरवर त्याची पकड पुष्कळदा कच्ची असते आणि धारेने तो पापुद्र्यासारखा सुटतो. मी हाताळलेल्या अशा कामांमध्ये सगळ्यात समाधान देणारं काम पॉलियुरेथेनखालचंच होतं. पाठीकडचा जवळपास सगळा सनबर्स्ट सुखरूप निघाला, पुढे मात्र उजव्या हाताच्या टेकणीजवळ पार लाकूड लागलं. मालकाने ते तसंच ठेवलं, आणि शहाणपणा केला.

सोलायचं कसं? एकधारी पातं घ्या, त्याच्या दोन्ही कोपऱ्यांना चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे कोपरा रुतून ओरखडा येत नाही. पातं जवळजवळ उभं धरून आपल्याकडे ओढत खरवडायचं, ढकलायचं नाही. दिवा बाजूने, अगदी तिरका ठेवा, म्हणजे थराची पायरी सावलीत दिसते. एका बैठकीत तळहाताएवढ्या भागापलीकडे जाऊ नका. थकलेला हात कुठे थांबायचं ते विसरतो. शेवटचा काळा पापुद्रा ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने ओला करून घासता येतो, आणि पाण्याचा रंग काळ्याऐवजी पिवळट व्हायला लागला की त्या क्षणी थांबायचं. पुसायला मी फक्त नॅफ्था वापरतो. तो मेण आणि चिकटा काढतो, पण लॅकरला धक्का लावत नाही. स्पिरिट आणि थिनर दूर ठेवा.

खाली काय निघेल याची अपेक्षा मात्र बेताची ठेवा. रंग मारण्याआधी पकड मिळावी म्हणून बहुतेकांनी खालचा थर खरखरीत केलेला असतो. ते ओरखडे दिसणार. लाल रंग उडालेला असू शकतो, कारण सनबर्स्टमधला लाल उन्हाने सगळ्यात आधी विटतो आणि तीन रंगांचा सनबर्स्ट दोन रंगांचा दिसू लागतो. वरचा पारदर्शक थर पिवळा पडलेला असतो. याच पिवळेपणामुळे जुने निळे हिरवट दिसतात आणि पांढरे दुधावरच्या सायीसारखे. मूळ छटा बघायची तर पिकगार्डखाली बघावी. उघड्या पडलेल्या रंगावर ‘आता छान दिसावं’ म्हणून लॅकरचा एखादा हात देण्याचा मोह होईल. देऊ नका. नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो, आणि मग जुनं कुठे संपतं ते दिव्याखालीही सांगता येत नाही.

आता दुसरी शक्यता. सोलून बघितलं आणि खाली फक्त तुकडे निघाले, पाठ पूर्ण घासलेली, सनबर्स्ट एखाद्या कडेलाच. मग पुरावा गेलेलाच आहे आणि तुम्ही मोकळे आहात. पुन्हा रंगवल्याने गमावण्यासारखं काही उरलेलं नाही. अशा बेसला बाजारात वाजवणाऱ्याचा बेस म्हणतात, आणि माझ्या मते जुन्या वाद्यांमधला सगळ्यात चांगला सौदा तोच. लाकूड तेच, नेक तोच, पिकअप (तारांचं कंपन उचलणारे भाग) तेच, भाव निम्मा.

रंगवायचं ठरलंच तर काही गोष्टी घरी करणारे नेमक्या चुकवतात, त्यांच्यावर थोडं थांबतो.

रंग उतरवताना तुम्ही एका थरापाशी अडकाल. थिनर चालत नाही, रंग उतरवायचं रसायनही दमतं, आणि लाकूड पिवळं दिसत राहतं. लोक समजतात, आणखी कुणीतरी पॉलियुरेथेन मारलेलं दिसतंय. बहुधा तो कारखान्यातला फुलरप्लास्ट असतो. १९६३ च्या सुमारापासून फेंडर वापरत असलेला हा सीलर रासायनिक क्रियेने कडक होतो, साध्या द्रावणात विरघळत नाही. त्याखालचा पिवळा म्हणजे सनबर्स्टसाठी अल्डरच्या लाकडाला दिलेला डाय. हा थर काढू नका! तो मूळचा आहे, लाकडाची छिद्रं त्याने आधीच बंद केलीत, आणि त्यावर नवा रंग उत्तम बसतो. त्याला फक्त ३२० ने हलकं घासून पकड द्या. बॉडी अ‍ॅशची असती तर गोष्ट वेगळी होती. त्या लाकडाच्या नसा उघड्या असतात आणि लांबी भरल्याशिवाय रंग खाली बसत जातो. अल्डरला त्याची गरज नाही.

घासताना लाकडी ठोकळा वापरा, पण कडांवर आणि पोटाकडच्या उतारावर हात फार हलका ठेवा. घरी केलेल्या रंगकामाची पहिली ओळख रंगाच्या आधी आकारात सापडते. कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झालेल्या असतात. तो आकार परत येत नाही. नेकच्या खाचेत पॉलिश पेपर घालायचाच नाही, आणि रंगही जाऊ द्यायचा नाही. खाचेच्या भिंतींवर दोन हात रंग चढला तरी नेक घट्ट होतो, जोर लावून बसवला की खाचेच्या कोपऱ्याजवळ रंगाला आणि कधी लाकडालाही तडा जातो.

लॅकर की पॉलियुरेथेन? जुन्या बेससाठी मी नायट्रोसेल्युलोज लॅकर देतो. याचा आवाजाशी संबंध जोडणारे पुष्कळ भेटतील. बॉडी भरीव लाकडाची, तारांचं कंपन पिकअपने उचललेलं, तिथे रंगाच्या जातीने पडणारा फरक मी तरी डोळे मिटून ओळखू शकलेलो नाही. पिकअपची उंची पाव वळसा फिरवली तर याहून जास्त फरक पडतो. लॅकर देण्याचं माझं कारण साधं आहे: त्याचा प्रत्येक हात आधीच्यात विरघळून एक होतो, म्हणून पुढे कधी ओरखडा पडला तर तेवढीच जागा दुरुस्त होते. शिवाय पुढच्या माणसाला ते उतरवणं सोपं जातं. तोटे आहेतच. ते नाजूक असतं, थंडीत तडकतं, आणि रबर किंवा व्हिनाइल लागलं की चिकट होतं. फोमच्या स्टँडवर महिनाभर उभा ठेवलेला लॅकरचा बेस उचलताना रंगासकट फोम हातात आलेला मी पाहिला आहे. आणि एक: १९६८ नंतर फेंडरनेच बॉडीवर जाड पॉलिएस्टरचे थर सुरू केले. त्यामुळे बेस सत्तरच्या दशकातला असेल तर ‘मूळचं म्हणजे लॅकरच’ हा हट्ट इतिहासालाही धरून नाही.

लॅकर पातळ हातांनी द्यायचं, दोन हातांमध्ये वेळ सोडून. हवेत दमटपणा जास्त असला की वाळताना पांढरट धुकं धरतं. तसं झालं तर घाबरू नका, कोरड्या दिवशी रिटार्डर थिनरचा हलका फवारा दिला की बहुधा ते निघतं. पण मुळात पावसाळी हवेत काम करूच नये. शेवटच्या हातानंतर तीन-चार आठवडे बॉडी टांगून ठेवा. वरून सुकलेलं वाटतं पण आतून थिनर उडत असतो, आणि घाईने पॉलिश केलेला रंग दोन महिन्यांनी लाकडाच्या रेषांवर बसतो. नाकाला वास येईनासा झाला की मगच ओलं घासणं आणि पॉलिश.

सनबर्स्ट पहिल्यांदा करणाऱ्याने स्वतःच्या बेसवर करू नये. मधला पिवळा, भोवती लाल, कडेला गडद, आणि तीनही रंग एकमेकांत कुठे सुरू होतात ते दिसता कामा नये. हे फवाऱ्याच्या अंतरावर आणि मनगटावर आहे. प्लायवूडच्या चार-पाच तुकड्यांवर हात बसवा, नाहीतर हा एक टप्पा जाणकाराकडे द्या.

तब्येतीचं एका दमात सांगतो, पण गांभीर्याने घ्या. लॅकरची वाफ पेट घेते, तेव्हा ज्योत, हीटर, ठिणगी काही नको. जुन्या रंगांत, खास करून पिवळ्या-लाल छटांत, शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नका आणि धुळीचा मास्क चढवा. मेथिलीन क्लोराइडवाली रंग उतरवायची रसायनं बंद खोलीत जीव घेतात. अमेरिकेत २०१९ मध्ये घरगुती वापरासाठी त्यांच्यावर बंदी आली ती अशा मृत्यूंमुळेच. दोन भागांच्या पॉलियुरेथेनमध्ये आयसोसायनेट असतं आणि त्याला साधा मास्क पुरत नाही, बाहेरून हवा पुरवणारा लागतो. तेवढी सोय नसेल तर ते घरी मारू नका.

रंग कोणता द्यावा, यावर माझं मत ठाम आहे. जो होता तोच. प्रिसिजनवर फिएस्टा रेड मारून बघायची हौस पुष्कळांना असते, वाद्य तुमचं आहे, मारा. पण पुढे विकताना तो लाल रंग तुमच्याच अंगावर येतो. खास रंगांच्या बेसना जास्त भाव असल्यामुळे याच रंगांच्या नकला सर्वाधिक होतात, आणि घेणारा तुमच्याकडे संशयाने बघायला लागतो. मुद्दाम ओरखडे पाडून, रंग खरवडून जुना दाखवायचा प्रकार तर पूर्ण टाळा. पिकअपच्या खोबणीत, दिसणार नाही अशा जागी, पेन्सिलने ‘पुन्हा रंगवला’ असं लिहून महिना-वर्ष घाला. मी प्रत्येक कामात घालतो. दोन गिऱ्हाईकं त्यावरून रागावून परत गेली, त्यांचा हेतू मला तेव्हा कळला.

हेडस्टॉकवरच्या मूळ डेकॅलला (कंपनीच्या नावाची चिकटवलेली छाप) हात लावू नका, तो कितीही उडालेला असो. तुमच्या बेसवर काळा रंग नेकवर गेलेला नाही हे तुमचं नशीबच म्हणायचं.

किमतीकडे परत येतो, कारण रंगाच्या नादात लोक बाकीचं विसरतात. दुसऱ्या पिकअपसाठी बॉडीत नंतर कोरलेली खोबण ही रंगापेक्षा मोठी जखम आहे. गुंडाळी बदललेले पिकअप, नवीन भोकं पाडून बसवलेले ट्यूनर (तारा पिळायच्या खुंट्या), बदललेला पिकगार्ड, यातलं प्रत्येक काही ना काही खातं. म्हणून मूळचे निघालेले भाग, तडकलेला पिकगार्डसुद्धा, पिशवीत घालून केसमध्ये ठेवा. आणि सीमेपलीकडे विकायचा विचार असेल तर फिंगरबोर्डचं, म्हणजे नेकवर बोटं टेकतात त्या पट्टीचं, लाकूड तपासून घ्या. त्या काळात वापरलेलं ब्राझिलियन रोझवूड १९९२ पासून साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या परिशिष्टात आहे, आणि वय सिद्ध करणारी कागदपत्रं नसली तर वाद्य कस्टम्समध्ये अडकतं. तो टाचेवरचा शिक्का इथेही कामाला येतो.

या सगळ्या हिशेबाला एकच मोठा अपवाद आहे: वाद्य कुणाच्या हातात होतं. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने १९६१ मध्ये हॅम्बुर्गला घेतलेला हॉफनर बेस १९६४ मध्ये पुन्हा रंगवून घेतला होता. १९७२ मध्ये तो लंडनमध्ये चोरीला गेला, आणि पन्नासहून जास्त वर्षांनी परत मिळाल्याचं २०२४ मध्ये जाहीर झालं. त्याला कुणी ‘रंग मूळचा नाही’ म्हणून नाक मुरडलं नाही. तो बदललेला रंग ही उलट त्या बेसची ओळख होती. मॅकार्टनीच्याच रिकनबॅकर बेसवर १९६७ मध्ये झगमगीत चित्रं रंगवली गेली, आणि पुढे ती सगळी घासून बेस कोऱ्या लाकडावर आणला गेला. बेसवादक जॅको पास्टोरियसच्या १९६२ च्या जॅझ बेसचे फ्रेट (नेकवरच्या धातूच्या पट्ट्या) काढून फिंगरबोर्डवर इपॉक्सीचा थर दिला गेला. कुठल्याही संग्राहकाच्या वहीत हे गुन्हेच आहेत. तुमच्या मामांचं नाव या यादीत बसत नसेल, तरी घरातल्या माणसासाठी त्या काळ्या रंगाची काही गोष्ट असू शकते. तो त्यांनी स्वतः मारला होता का, हे त्यांना एकदा विचारा. मारला असेल तर कशाने मारला, हे त्यांना आठवत असेल, आणि तुमची ॲसिटोनची चाचणीही वाचेल.

तर क्रम असा धरा. मामांना फोन, मग नेक काढून खाचेचे, टाचेच्या शिक्क्याचे आणि पिकगार्डखालच्या भोकांचे फोटो, तिरक्या उजेडात, जवळून. ते इथे टाका, आपण बघू. तोवर पॉलिश पेपर विकत आणू नका.